पॉलीअमाईन मोडणारी एन्झाइमं आणि कॅन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरच्या पेशी पॉलीअमाईन भरपूर बनवतात, हे बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. ती मोडणाऱ्या एन्झाइमांकडे मात्र कमी लक्ष जातं. गेलंच तर ‘ही एन्झाइमं वाढवली की गाठ जिरली’ असा सरळसोट हिशेब मांडला जातो. तो हिशेब का जुळत नाही, हे सांगण्यासाठी हे पान लिहिलं आहे. बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकलेल्या माणसाला समजावं अशी भाषा ठेवली आहे, पण जिथे रसायनशास्त्राशिवाय गत्यंतर नाही तिथे ते टाळलेलं नाही.

पॉलीअमाईन म्हणजे नेमकं काय?

कार्बनची लहानशी साखळी आणि तिच्यात ठरावीक अंतरावर नायट्रोजन, असे हे रेणू. आपल्या पेशींत त्यांतले तीन महत्त्वाचे: प्युट्रेसिन (दोन नायट्रोजन), स्पर्मिडीन (तीन) आणि स्पर्मिन (चार). पेशीच्या आत या नायट्रोजनांवर धन विद्युतभार असतो. डीएनए आणि आरएनए ऋणभारित असल्यामुळे पॉलीअमाईन त्यांना घट्ट धरून बसतात. पेशीतला त्यांचा बराचसा साठा आरएनएलाच चिकटलेला असतो.

प्युट्रेसिन १८८५ मध्ये लुडविग ब्रीगर या जर्मन वैद्याला सडक्या मांसात सापडलं. स्पर्मिनचे स्फटिक तर त्याच्या दोनशे वर्षं आधी, १६७८ च्या सुमारास, लेव्हेनहूकने वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले होते. रेणूची रचना उलगडायला मात्र १९२० चं दशक उजाडावं लागलं. या नावांमुळे हे पदार्थ घाणेरडे किंवा विषारी असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात ते आपल्या प्रत्येक जिवंत पेशीत असतात आणि त्यांच्यावाचून पेशीचं चालत नाही.

पेशीच्या वाढीला ती का लागतात?

पेशी दुभंगायची म्हणजे डीएनएची दुसरी प्रत काढायची आणि प्रथिनं ढिगाने तयार करायची. दोन्ही कामांत पॉलीअमाईन आहेतच. डीएनएची घडण स्थिर ठेवणं, आरएनएला योग्य आकार देणं, रायबोसोमचं काम सुरळीत ठेवणं, हे सगळं त्यांच्या धनभाराच्या जोरावर चालतं.

एक काम मात्र असं आहे की ते दुसऱ्या कुठल्याच रेणूला जमत नाही. ईआयएफ-५ए नावाचं एक प्रथिन रायबोसोमला अवघड जागी, विशेषतः एकापाठोपाठ एक प्रोलीन आलेल्या पट्ट्यात, अडकू देत नाही. हे प्रथिन कामाला लागण्याआधी त्याच्या एका ठरावीक लायसीनवर स्पर्मिडीनचा एक तुकडा बसवावा लागतो. त्यातून हायप्युसीन नावाचं वेगळंच अमिनो आम्ल तयार होतं. शरीरातल्या हजारो प्रथिनांपैकी फक्त याच प्रथिनात ते आढळतं. स्पर्मिडीन संपलं की हायप्युसीन नाही, आणि हायप्युसीन नसेल तर पेशीची वाढ ठप्प होते.

मग पेशी ती मोडते कशाला? नुसती कमी बनवली तरी चाललं असतं की!

कमी बनवणं हा अर्धा उपाय झाला. पॉलीअमाईन गरजेपेक्षा जास्त साठली तर तीच पेशीला घातक ठरतात, कारण इतके धनभारित रेणू नको तिथेही चिकटत सुटतात. म्हणून पेशी बनवणं, बाहेरून आत घेणं, बाहेर टाकणं आणि मोडणं अशा चारही अंगांनी साठ्यावर नियंत्रण ठेवते.

बनवण्याच्या बाजूचं नियंत्रण किती कडक असतं, ते ऑर्निथिन डीकार्बोक्झिलेज या एन्झाइमावरून दिसतं. त्याला आपण पुढे ओडीसी म्हणू. ऑर्निथिनपासून प्युट्रेसिन तेच बनवतं. त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. पॉलीअमाईन वाढली की अँटीझाइम नावाचं प्रथिन तयार होतं. ते ओडीसीला पकडून प्रोटिअसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेकडे, नेतं आणि तिथे त्याचे तुकडे होतात. इतर बहुतेक प्रथिनांना तिथे जाण्यासाठी युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते, ओडीसीला तीही लागत नाही. अँटीझाइम बनण्याची तऱ्हा तर आणखी निराळी आहे: पॉलीअमाईन जास्त असली तरच रायबोसोम आरएनए वाचताना एक अक्षर पुढे सरकतो आणि मगच ते प्रथिन पूर्ण होतं. म्हणजे साठा मोजण्याचं काम खुद्द रायबोसोमच करतो.

मोडणारी एन्झाइमं कोणती?

पेशीच्या आत मुख्यतः तीन.

पहिलं एसएसएटी, म्हणजे स्पर्मिडीन-स्पर्मिन असेटिलट्रान्सफरेज. त्याचं जनुक एसएटी-१ हे एक्स गुणसूत्रावर आहे. काटेकोर बोलायचं तर हे एन्झाइम रेणू तोडत नाही. असेटिल-कोएन्झाइम-ए वापरून ते पॉलीअमाईनच्या टोकाला असेटिल गट लावतं. त्यामुळे एक धनभार कमी होतो, रेणूची पकड सैल पडते आणि मग तो एक तर पेशीबाहेर टाकला जातो किंवा पुढच्या एन्झाइमाच्या तावडीत सापडतो. एरवी पेशीत एसएसएटी जेमतेम असतं आणि झटपट नाहीसंही होतं. पण ताण, दाह, काही औषधं किंवा खुद्द पॉलीअमाईनची वाढ यांमुळे ते झपाट्याने वाढतं. या सगळ्या मार्गाचा वेग तेच ठरवतं.

दुसरं पीएओएक्स, म्हणजे असेटिलपॉलीअमाईन ऑक्सिडेज. असेटिल गट लागलेलं स्पर्मिन त्याच्यापुढे आलं की त्याचं स्पर्मिडीन होतं आणि तसंच स्पर्मिडीन आलं की प्युट्रेसिन. सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एक अल्डिहाइड बाहेर पडतं. हे एन्झाइम पेरॉक्सिसोम या पेशीतल्या इवल्याशा पिशव्यांमध्ये असतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा निकाल लावणारं कॅटालेज तिथेच शेजारी असल्यामुळे फारसं नुकसान होत नाही.

तिसरं स्पर्मिन ऑक्सिडेज, ज्याला संशोधक थोडक्यात एसमॉक्स म्हणतात. त्याचं मानवी जनुक २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट कॅसेरो यांच्या गटाने वेगळं केलं. तोवर स्पर्मिनला आधी असेटिल गट लावल्याशिवाय ते मोडतच नाही असं मानलं जायचं. एसमॉक्सला त्याची गरज नसते, ते थेट स्पर्मिनवर तुटून पडतं. शिवाय ते पेशीद्रवात आणि केंद्रकातही असतं, म्हणजे डीएनएच्या अगदी लगत. या लेखातला निम्मा गुंता या एका गोष्टीपायी आहे.

यांखेरीज डायअमाईन ऑक्सिडेज आहे. ते आतड्यात प्युट्रेसिन आणि हिस्टामिन मोडतं. कॅन्सरच्या चर्चेत त्याची भूमिका दुय्यम आहे.

मोडताना विष तयार होतं, हे खरं का?

खरं आहे. एसमॉक्सने स्पर्मिन मोडलं की तीन गोष्टी निघतात: स्पर्मिडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ३-अमिनोप्रोपॅनाल. यातलं शेवटचं टिकत नाही. आपोआप विघटन होऊन त्याचं अॅक्रोलिन बनतं. सिगारेटच्या धुरात आणि जळक्या तेलाच्या झणझणीत वासात असतं तेच अॅक्रोलिन. ते प्रथिनांना आणि डीएनएला चिकटून त्यांचा बिघाड करतं. हायड्रोजन पेरॉक्साइडची त्यात भर पडते.

पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांत याचा पडताळा नेहमी येतो. पेशींना पोषण म्हणून गाईच्या वासराचं सीरम घालतात. त्या सीरममध्ये स्वतःचं एक अमाईन ऑक्सिडेज असतं. नवा विद्यार्थी उत्साहाने बशीत स्पर्मिन टाकतो, दुसऱ्या दिवशी पेशी मरून तरंगत असतात, आणि वहीत नोंद होते की ‘स्पर्मिन कॅन्सरच्या पेशी मारतं’. मारलेलं असतं सीरमने. बशीतच स्पर्मिन मोडून अॅक्रोलिन आणि पेरॉक्साइड तयार झालेलं असतं. त्यामुळे असा प्रयोग करताना सोबत अमिनोग्वानिडीन घालून सीरममधलं ते एन्झाइम बंद करतात. पॉलीअमाईनवरचा कुठलाही प्रयोग वाचायला घेतला की मी पहिल्यांदा हीच ओळ शोधतो. ती नसली तर पुढची आकडेवारी जरा जपूनच वाचावी.

म्हणजे ही एन्झाइमं कॅन्सरला कारणीभूत होतात?

काही ठिकाणी हातभार लावतात. सर्वांत चांगला अभ्यास झाला आहे तो पोटाचा. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठराच्या अस्तराशी राहतो. तो तिथल्या पेशींत एसमॉक्स वाढवतो. पेशी स्वतःचंच स्पर्मिन मोडत बसतात, पेरॉक्साइड तयार होतं आणि डीएनएवर घाव पडतात. त्यातल्या काही पेशी मरत नाहीत. बिघडलेल्या डीएनएसह त्या जगतात आणि वाढत राहतात. वर्षानुवर्षं हे चाललं की कॅन्सरची जमीन तयार होते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात कीथ विल्सन यांच्या गटाने हा धागा दीर्घकाळ तपासला आहे.

त्यातलं कोलंबियाचं उदाहरण लक्षात राहण्यासारखं आहे. अँडीज पर्वतातल्या वस्त्यांमध्ये आणि पॅसिफिक किनाऱ्यावर, दोन्हीकडे हा जिवाणू जवळपास सगळ्यांच्याच पोटात असतो. पण डोंगरातल्या लोकांना जठराचा कॅन्सर किनाऱ्यावरच्या लोकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतो. डोंगरातल्या जिवाणूंचे वाण पेशींत एसमॉक्स अधिक वाढवतात आणि तिथल्या लोकांच्या जठरातही ते जास्त आढळतं, असं दिसून आलं. जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांमध्ये डोंगरातल्या वाणाचा संसर्ग घडवून एमडीएल-७२५२७ हे ऑक्सिडेज रोखणारं रसायन दिलं, तेव्हा कॅन्सर आणि त्याआधीचे बदल कमी झाले.

भारतातही हा जिवाणू सर्रास आढळतो, तरी जठराचा कॅन्सर त्या प्रमाणात दिसत नाही. मिझोराम हा ठळक अपवाद. त्यामुळे एंडोस्कोपीच्या अहवालात ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ आलं म्हणून हातपाय गाळू नयेत. डॉक्टर औषधाचा कोर्स देतात, तो नीट पूर्ण करावा.

मोठ्या आतड्यातही असाच प्रकार आहे. बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस या जिवाणूचे काही वाण एक विष सोडतात. ते विष आतड्याच्या पेशींत एसमॉक्स वाढवतं. उंदरांमध्ये एमडीएल-७२५२७ देऊन त्यापायी होणाऱ्या गाठी कमी करता आल्या.

मग उपचारात ही एन्झाइमं वाढवायची की रोखायची?

उत्तर जागेवर आणि वेळेवर अवलंबून आहे. दाह धुमसतो आहे, गाठ अजून झालेली नाही, तिथे एसमॉक्स रोखणं शहाणपणाचं. आधीच झालेल्या गाठीत मात्र मोडण्याचा वेग इतका वाढवायचा की पेशी उभी राहूच नये, असा विचार करता येतो. अर्धवट वाढवणं सर्वांत वाईट, कारण पेशी जखमी होते पण मरत नाही. ‘पॉलीअमाईन मोडणारं एन्झाइम म्हणजे कॅन्सरविरोधी एन्झाइम’ असं सरसकट लिहिलेलं दिसलं की समजावं, लिहिणाऱ्याने अर्धीच बाजू वाचली आहे.

गाठीत ही एन्झाइमं वाढवण्याचा प्रयत्न कुणी केला आहे का?

हो, आणि अनेक वर्षं. त्यासाठी पॉलीअमाईनसारखे दिसणारे कृत्रिम रेणू तयार केले. त्यांतला सर्वांत गाजलेला डायइथिलनॉरस्पर्मिन. पेशीला हे खरंच पॉलीअमाईन वाटतं, म्हणून ती ते हौसेने आत घेते आणि साठा वाढला असं समजून स्वतःचं उत्पादन बंद करते. शिवाय एसएसएटी प्रचंड वाढतं. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या काही पेशींत ते शेकडो पट वाढल्याचं मोजलं गेलं. याचं एक कारण असं की हा रेणू एसएसएटीला चिकटून बसतो आणि एरवी लवकर नष्ट होणारं एन्झाइम तासन्‌तास टिकतं. पेशीतलं खरं स्पर्मिन आणि स्पर्मिडीन रिकामं होतं. त्यांची जागा घेणारा कृत्रिम रेणू त्यांचं काम मात्र करत नाही.

बशीत आणि उंदरांत हे झकास चाललं. माणसांत नाही. स्तनाच्या आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये चाचण्या झाल्या, पण गाठी आक्रसल्या नाहीत. सगळ्याच गाठींत एसएसएटी सारखं वाढत नाही, हे त्यामागचं एक कारण असावं. माझ्या मते ही कल्पना चुकीची नव्हती. कुठल्या रुग्णाच्या गाठीत एन्झाइम वाढतं हे आधी तपासून मग औषध द्यायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती, आणि तिथेच पंचाईत झाली.

डीएफएमओ हे नाव सगळीकडे येतं. ते मोडणाऱ्या एन्झाइमांवर काम करतं का?

नाही. डीएफएमओ, म्हणजेच एफ्लॉर्निथिन, ओडीसीला कायमचं निकामी करतं. ते बनवण्याच्या बाजूचं औषध आहे. तरीही त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि त्याचा इतिहासही रंजक आहे.

१९७० च्या दशकात ते कॅन्सरसाठी म्हणून तयार झालं. एकट्याने दिल्यावर फारसा गुण येईना, कारण बनवणं बंद पडलं की पेशी रक्तातून आणि आतड्यातून आलेली पॉलीअमाईन ओढून घेते. मग ते आफ्रिकेतल्या निद्रारोगावर लागू पडलं. तो रोग घडवणाऱ्या परजीवीचं ओडीसी सावकाश बदललं जातं, त्यामुळे एकदा निकामी झालं की परजीवी सावरत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९० मध्ये त्याला मान्यता दिली. गरीब देशांतल्या रोगाचं औषध म्हणून पुढे त्याचं उत्पादनही थांबलं. तेच रसायन बायकांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस कमी करणारं मलम म्हणून बाजारात आलं तेव्हा जगभर टीका झाली आणि २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी झालेल्या कराराने निद्रारोगासाठी पुरवठा पुन्हा सुरू झाला. औषधाच्या गुणापेक्षा गिऱ्हाइकाचा खिसा मोठा ठरतो, याचा इतका उघड दाखला क्वचितच मिळतो.

कॅन्सरसाठी ते कधी मान्य झालं?

१३ डिसेंबर २०२३ रोजी, न्यूरोब्लास्टोमासाठी. हा लहान मुलांचा कॅन्सर. बहुतेक वेळा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत सुरू होतो. त्याच्या घातक प्रकारात एमवायसीएन या जनुकाच्या अनेक प्रती झालेल्या असतात. या घराण्यातली जनुकं ओडीसीचं उत्पादन थेट वाढवतात. म्हणून इथे बाण नेमका बसण्याची शक्यता होती. केमो, शस्त्रक्रिया, इम्युनोथेरपी वगैरे सगळे उपचार होऊन आजार निदान अंशतः मागे हटल्यावर तो उलटू नये यासाठी या गोळ्या दिवसातून दोनदा, दोन वर्षांपर्यंत देतात.

ज्या तुलनेवर मान्यता मिळाली तिच्यात चार वर्षांनंतर आजार न उलटलेल्या मुलांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ८४ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७३ टक्के होतं. जिवंत असलेल्यांचं प्रमाण ९६ विरुद्ध ८४ टक्के. पण ही चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी नव्हती. तुलनेची मुलं आधीच्या दुसऱ्या अभ्यासातली होती. एफडीएच्या सल्लागार समितीतही १४ मतं बाजूने आणि ६ विरोधात पडली. आकडे आशादायक आहेत, मात्र ते सांगताना ही मेखही सांगायला हवी. दुष्परिणामांत ऐकू कमी येणं महत्त्वाचं आहे, त्यामुळे श्रवणचाचणी वेळोवेळी करतात.

बनवणं रोखणं आणि मोडणं वाढवणं, दोन्ही एकदम करता येतं का?

करून पाहिलं आहे. सुलिंडॅक हे सांधेदुखीसाठी वापरलं जाणारं जुनं वेदनाशामक आतड्याच्या पेशींत एसएसएटी वाढवतं. ॲस्पिरिनचाही तसा परिणाम प्रयोगांत दिसला आहे. डीएफएमओने वरचा नळ बंद करायचा आणि सुलिंडॅकने टाकीच्या तळाची तोटी उघडायची, अशी ही जोडी.

२००८ मध्ये फ्रँक मेस्केन्स आणि सहकाऱ्यांनी ३७५ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या सर्वांच्या मोठ्या आतड्यातले अडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारे कोंब, आधी काढलेले होते. तीन वर्षांनी खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ४१.१ टक्के लोकांना ते पुन्हा झाले. दोन्ही औषधं कमी मात्रेत घेणाऱ्यांत हे प्रमाण १२.३ टक्के होतं. या क्षेत्रात इतका ठसठशीत फरक फार कमी वेळा दिसतो.

मग आनुवंशिक पॉलिपोसिसच्या रुग्णांवर हीच जोडी तपासली. या आजारात आतड्यात शेकडो कोंब येतात. २०२० मध्ये निकाल आला. जोडीवाल्या गटात ३२ टक्के जणांचा आजार पुढे सरकला, फक्त सुलिंडॅकवर ३८ आणि फक्त एफ्लॉर्निथिनवर ४० टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. एका चाचणीच्या यशाने हुरळून जाऊ नये ते यासाठीच. आणि सुलिंडॅक हे शेवटी वेदनाशामक आहे: जठरात रक्तस्राव, मूत्रपिंड आणि हृदय यांना धोका. आपल्या मनाने सुरू करायची ही गोळी नव्हे.

नेहमीच्या केमोचा या एन्झाइमांशी काही संबंध आहे का?

आहे. ऑक्झॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन आणि ५-फ्लुओरोयुरॅसिल ही औषधं काही कॅन्सरपेशींत एसएसएटी वाढवतात, प्लॅटिनमवाली एसमॉक्सही. म्हणूनच कृत्रिम पॉलीअमाईन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन एकत्र दिल्यावर प्रयोगशाळेत परिणाम बेरजेपेक्षा जास्त दिसला. रुग्णाला यातून आज वेगळा उपचार मिळतो असं मात्र नाही.

पी-५३ आणि फेरोप्टोसिसशी संबंध काय?

पी-५३ हे गाठींना आवर घालणारं प्रथिन एसएटी-१ जनुक चालू करतं. २०१६ मध्ये दिसून आलं की त्यामुळे पेशीतल्या मेदाचं ऑक्सिडीकरण वाढतं आणि पेशी फेरोप्टोसिस या लोहावर अवलंबून असलेल्या पद्धतीने मरायला सोपी जाते. मोडण्याचा मार्ग कॅन्सरला आळा घालतो याचा हा चांगला पुरावा. जठरातल्या एसमॉक्सची गोष्ट आठवा, म्हणजे दोन्ही बाजू लक्षात येतील.

लघवीच्या तपासणीतून कॅन्सर कळतो का?

कल्पना जुनी आहे. १९७१ मध्ये डायान रसेल यांनी कॅन्सरच्या रुग्णांच्या लघवीत पॉलीअमाईन वाढलेली असतात असं दाखवलं. नंतर लक्ष असेटिल गट लागलेल्या रेणूंकडे, म्हणजे पर्यायाने या मोडण्याच्या मार्गातून बाहेर पडणाऱ्या मालाकडे वळलं. त्यात डायअसेटिलस्पर्मिन सर्वांत उपयोगी निघालं. निरोगी माणसाच्या लघवीत ते अत्यल्प असतं. जपानमधल्या अभ्यासांत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये ते सीईए या रूढ रक्तचाचणीपेक्षा जास्त वेळा वाढलेलं आढळलं. पण ते कुठल्या अवयवातून आलं हे त्यावरून कळत नाही. कोलोनोस्कोपीला ही चाचणी पर्याय नाही.

आहारातून पॉलीअमाईन कमी केली तर गाठ उपाशी मरेल का?

फ्रान्समध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवर असा आहार देऊन पाहिला गेला. आतड्यातले जिवाणूही पॉलीअमाईन बनवतात म्हणून जोडीला प्रतिजैविक दिलं. वेदना कमी झाल्याच्या आणि प्रकृतीला थोडा आराम पडल्याच्या नोंदी आहेत, पण अभ्यास लहान होते.

अडचण व्यवहाराची आहे. गव्हाचे अंकुर, सोयाबीन, मटार, मशरूम, मुरलेलं चीज यांत स्पर्मिडीन, तर संत्र्याच्या रसात प्युट्रेसिन. हे सगळं ताटातून काढलं की प्रथिनांचे वांधे होतात. केमो चालू असलेल्या माणसाचं वजन टिकवणं ही मोठी लढाई असते. उसळ आणि फळ बंद करून ती हरू नये. शिवाय पेशी स्वतः पॉलीअमाईन बनवतच असते.

जन्मतःच या मार्गात बिघाड असलेली माणसं असतात का?

फार थोडी. स्नायडर-रॉबिन्सन सिंड्रोममध्ये स्पर्मिन बनवणारं एन्झाइम नीट काम करत नाही. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो मुलग्यांत दिसतो. स्नायू शिथिल, हाडं ठिसूळ, बुद्धीची वाढ मंद. बॅकमन-बप सिंड्रोममध्ये उलट, ओडीसी लवकर नष्टच होत नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये २०१८ मध्ये त्याची ओळख पटली. या मुलांचे केस गळून जातात. डीएफएमओ दिल्यावर ते पुन्हा उगवले. चेहऱ्यावरचे केस घालवणाऱ्या मलमातलं औषध तेच!

सध्या संशोधनाचा रोख कुठे आहे?

डीएफएमओ दिल्यावर पेशी बाहेरून पॉलीअमाईन ओढते, तो रस्ता बंद करणाऱ्या औषधांकडे. एएमएक्सटी-१५०१ हे त्यातलं एक. ते डीएफएमओसोबत माणसांमध्ये तपासलं जात आहे. उंदरांत असंही दिसलं की दोन्ही वाटा रोखल्यावर गाठ लहान होण्यात टी-पेशींचा मोठा वाटा असतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत तोच उपचार निष्प्रभ ठरला. म्हणून इम्युनोथेरपीशी जोड देण्याचे प्रयत्न चालले आहेत.

‘तारुण्य टिकवणाऱ्या’ स्पर्मिडीनच्या गोळ्या मिळतात. कॅन्सरचे उपचार चालू असताना घेऊ का?

माझं उत्तर : नको. या गोळ्यांमागचा आधार दोन गोष्टींचा. यीस्ट, माश्या आणि सूत्रकृमी यांचं आयुष्य स्पर्मिडीनने वाढल्याचं २००९ मध्ये दिसलं. आणि २०१८ मध्ये इटलीतल्या ब्रुनिको गावच्या ८२९ लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदींत, आहारात स्पर्मिडीन जास्त असलेल्यांमध्ये मृत्यू कमी आढळले. पण असा आहार घेणारे लोक भाज्या, डाळी, धान्यं जास्त खाणारेही असतात, त्यामुळे श्रेय नक्की कुणाचं ते सांगता येत नाही. स्मरणशक्तीसाठी १०० ज्येष्ठांना वर्षभर गोळ्या देऊन पाहिलं, त्यात लक्षणीय फायदा दिसला नाही.

उंदरांत स्पर्मिडीनमुळे यकृताचा कॅन्सर कमी झाल्याचेही प्रयोग आहेत, म्हणून ‘गोळीने कॅन्सर होतो’ असं म्हणणंही बरोबर नाही. पण गाठ आधीच अंगात असेल तर हिशेब बदलतो. ती गाठ बाहेरून पॉलीअमाईन ओढू शकते, आणि डीएफएमओसारखं औषध चालू असेल तर ही गोळी त्याच्या थेट विरोधात जाते. गोळ्या आधीपासून चालू असतील तर बाटली घेऊनच ऑन्कॉलॉजिस्टकडे जा आणि लेबलवरची मात्रा त्यांना दाखवा. ‘आयुर्वेदिक आहे’, ‘गव्हाच्या अंकुराची आहे’ म्हणून ती सांगायची राहू देऊ नका.